ऑपरेटरबाईंची फायरवॉल

काकूंनी मला खोली दाखवायच्या आधी माझा लॅपटॉप मागितला होता.

संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात त्या दिवशी मी पाहिलेलं ते चौथं घर. आधीच्या तीन ठिकाणी गाव विचारलं, आडनाव विचारलं, "कुणी भेटायला येणार नाही ना?" असं तीन वेगवेगळ्या प्रकारांनी विचारलं. इथं दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या, ताठ बसायची सवय असलेल्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातलेल्या बाईंनी. मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "लॅपटॉप आहे का? काढ."

मी काढला. त्यांनी चष्मा बदलला, दोन-चार बटणं दाबली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही माझ्या डोक्यात उवा सापडल्यात.

"फायरवॉल बंद आहे तुझी."

"ते सारखं काहीतरी विचारत बसतं हो. म्हणून बंद केलं."

"विचारणारच की! कोण बोलतंय, कुणाशी बोलायचंय, हे न विचारता जोडून द्यायचं असतं व्हय?" त्यांनी ती चालू केली, लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला. "चल आता. वरची खोली बघ. ऊन येतं, पण हवा लई छान."

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. ते त्यांना मी पहिल्या महिन्याच्या भाड्याची चिठ्ठी लिहून दिली तेव्हा कळलं.

गल्लीत त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. आम्ही वरच्या मजल्यावरच्या चार मुली काकू म्हणायचो. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. ज्या काळात परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवावा लागे आणि मग एक्सचेंजमधली बाई या गावची तार त्या गावाला जोडून देई, त्या काळातल्या त्या बाई. कानावर हेडफोन लावून इतकी वर्षं बसल्यामुळं त्यांच्या केसांत मधोमध एक आडवी खाच पडली होती, ती वेणीतही दिसायची. फोन उचलला की "हॅलो" म्हणायच्या नाहीत. "नमस्कार, बोला," एवढंच. आणि समोरचा गप्प राहिला तरी "कोण?" असं कधी विचारायच्या नाहीत. थांबायच्या.

पुढच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली लाकडी फळी, फळीवर घरचा फोन आणि त्याच्या शेजारी राउटर. राउटरवर क्रोशाचा रुमाल घालायची त्यांच्या नाशिकच्या मुलीची फार इच्छा होती. काकूंनी घालू दिला नाही. गरम होतं म्हणाल्या. वायफाय जोडायला आलेल्या पोरानं कंपनीचा पासवर्ड होता तसाच ठेवला, तेव्हा त्याला चहा पाजून, समोर बसवून त्यांनी तो बदलून घेतला होता. नंतर कंपनीचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात. काकू राउटरच्या सेटिंगमध्ये गेल्या.

दर महिन्याच्या एक तारखेला वायफायचा पासवर्ड बदलायचा. तो लिहून द्यायचा नाही. आम्ही एकेक जण खाली जायचो आणि त्या कानाशी तोंड आणून सांगायच्या. "या महिन्यात दोडका. सगळं छोट्या लिपीत. पुढं सात, सात, नऊ." पुढच्या महिन्यात कारलं. एकदा तर त्यांनी तोंड गंभीर ठेवून माझ्या कानात "शेपूची भाजी" असं सांगितलं आणि मी हसायला लागले, तर म्हणाल्या, "हसू नको, स्पेलिंग चुकशील."

आमच्यातली एक जालन्याकडची मुलगी नर्सिंग शिकत होती. ती तोंडाळ. ती एकदा म्हणाली, "काकू, राउटरमधी फायरवॉल हाय ना? मग प्रत्येकीच्या लॅपटॉपमधी आणखी एक कशाला? डबल-डबल काम."

काकू भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "राउटर बाहेरच्यासाठी हाय. न बोलावता जो येतो, त्याला तो दारातच थांबवतो. ते काम तो चोख करतो. पण आतून तुझ्या लॅपटॉपनं कुणाला हाक मारली, तर त्याला वाटतं घरचंच माणूस बोलवतंय, येऊ द्या. कोणतं सॉफ्टवेअर हाक मारतंय, कशापायी मारतंय, ते त्याला कळत नाय. ते लॅपटॉपातल्या फायरवॉललाच कळतं. आणि तुम्ही चौघी एकाच वायफायवर. एकीची घाण दुसरीकडं जाताना माझ्या राउटरची परवानगी घेती व्हय?"

"आम्ही काय एकमेकींच्या लॅपटॉपमधी घुसणार हाव का?"

"तू नाय घुसणार." भाकरी तव्यावर पडली. "मी घुसले तर? राउटर माझ्या हातात हाय. तुम्हाला माझ्यापासून कोण वाचवणार?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

म्हणूनच नवीन वायफाय जोडताना लॅपटॉप विचारतो, की हे घरचं आहे का सार्वजनिक, तेव्हा त्या आम्हाला 'पब्लिक' निवडायला लावायच्या. 'पब्लिक' म्हटलं की लॅपटॉप सावध राहतो, शेजारच्या मशीनला आपला चेहरा दाखवत नाही. मी म्हटलं, "पण काकू, हे तर घरच आहे."

"घरातसुद्धा पब्लिक," त्या म्हणाल्या. हे वाक्य आमच्यात इतकं चाललं की आंघोळीला जाताना कडी लावतानाही आम्ही तेच म्हणायचो.

त्या नर्सिंगवालीनं शेवटी फायरवॉल बंद केलीच. सिनेमा अडतो म्हणाली. मग उस्मानपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तिच्या पेनड्राइव्हमध्ये काहीतरी आलं, तिथून लॅपटॉपमध्ये, आणि तिची सगळी फोल्डरं दिसेनाशी झाली. वायफायवरून तिच्या शेजारच्या खोलीतलीचीही तशीच गत झाली, कारण तिनंही फायरवॉल बंद ठेवली होती. आम्हा दोघींचे लॅपटॉप वाचले. नर्सिंगवाली खाली जाऊन रडली. मला वाटलं, आता काकू बोलणार. पण त्या तीन दिवस जेवणानंतर तिच्याजवळ बसून एकेक फाइल शोधून काढत राहिल्या. एकदाच मला म्हणाल्या, "तिचं वाचायला लागू नये म्हणून मी फाइलचं नाव बघते, आत बघत नाय. मग वेळ लागतो."

त्यांच्या या वेडाकडं मी तोवर गमतीनंच बघत होते. ते वेड कुठून आलं, हे मला माझा भाऊ येऊन गेल्यावर कळलं.

आमचं गाव कन्नडच्या पलीकडं. घरी शेती, अण्णा, आई, मोठा दादा. मी शेतकी पदवी घेऊन माती-पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. वर्षभरात घरी माझ्यासाठी स्थळं यायला लागली. दोन मी नाकारली. तिसऱ्याला अण्णांनी मला न विचारता शब्द दिला. मी फोनवर "आत्ता नको" म्हटलं, आणि का नको ते सांगता येईना. तेव्हा घरच्यांनी आपापसांत कारण ठरवून टाकलं, की कुणीतरी मुलगा आहे.

मुलगा असता तर सोपं झालं असतं. नाव सांगितलं असतं, भांडण झालं असतं, काहीतरी निकाल लागला असता. माझ्या मनात कोइमतूर होतं. तिथल्या एका संस्थेत कापसावरच्या रोग-किडींवर काम करायला मुलं घेतात. मी चोरून अर्ज केला होता. सकाळी खोलीचं दार लावून लॅपटॉपवर मुलाखती देत होते. पाच वर्षांचं काम. लग्न ठरलेल्या मुलीनं पाच वर्षं कोइमतूरला जाते म्हणणं म्हणजे आमच्या घरात काय, ते मी कुणाला समजावून सांगू?

दादा एका रविवारी सकाळी आला. गूळ-शेंगांची पिशवी घेऊन. दादा वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. लहानपणी शाळेत जाताना ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर घेऊन पलीकडं सोडायचा. तो काकूंसमोर खुर्चीच्या कडेवर बसला आणि अगदी हळू आवाजात बोलला. गावातल्या मोबाइलच्या दुकानदारानं त्याला सांगून ठेवलं होतं.

"काकू, राउटरमधी दिसतं म्हणं, कुणी कवा काय उघडलं ते?"

"सोय असती," काकू म्हणाल्या. "मी बंद ठेवलीय."

"मग आठ दिवस चालू करा ना. मला काय तिचं वाईट करायचं नाय. सकाळी दार लावून कुणाशी तरी बोलती, एवढंच कळलंय. कुणाशी, ते कळलं म्हणजे झालं. आमची बी लेक-बाळच हाय ती."

"ती समोर बसलीय. तिला विचारा."

"ती सांगत नाय."

"मग मला सांगायचा काय अधिकार?"

दादाचा चेहरा पडला. तो मला म्हणाला, "पुढच्या रविवारी घरी ये. पाव्हणे येणार हायेत." आणि चहा अर्धा ठेवून गेला.

तो फाटकाबाहेर पडला आणि मी काकूंवर चिडले. इतकी मी कुणावरच चिडले नव्हते. "चालू करा ना आठ दिवस! कुणी मुलगा नाहीच तर दिसणार काय? त्याला दाखवा आणि सांगा, की नाही कुणी. मीच सांगतेय ना तुम्हाला. माझी परवानगी आहे!"

"नाय."

"पण माझ्या भल्यासाठीच आहे!"

काकू उठल्या. त्याचा अर्धा कप उचलला. "समज, आज तुझं चांगलं हाय म्हणून मी सांगितलं. उद्या दुसरीचा भाऊ येईल. तिला मी 'सांगत नाय' म्हटलं, तर न सांगणं म्हणजेच सांगणं झालं की. तिचं काय?"

मला ते तेव्हा पटलं नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यावरून खाली आले की मोबाइल कानाला लावायचे, पलीकडं कुणी नसतानाही.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. पाणी आलं की भांडण बाजूला राहतं. पिंप, बादल्या, कळशा, सगळ्या जणी कामाला. दहापर्यंत ते आटोपलं आणि काकू पुढच्या खोलीत मेथी निवडायला बसल्या. मला म्हणाल्या, "बस. अर्धी तू निवड."

मग खाली मेथीकडं बघतच त्यांनी सांगितलं.

त्या एकवीस वर्षांच्या होत्या. पहिली नेमणूक एका तालुक्याच्या गावी, छोटं एक्सचेंज, दिवसपाळीला त्या एकट्याच. बोर्डवर एक कळ असायची. लाइन नीट जोडली गेली का, हे पाहायला ती दाबून ऐकता यायचं. फक्त पाहण्यापुरतं. गावातल्या कापड दुकानदाराची मुलगी, अठराची असेल, डॉक्टरांच्या घरून दर गुरुवारी शहरात एक कॉल लावायची. तीन मिनिटांचा. हसरी मुलगी. काकूंना ताई म्हणायची.

"एका गुरुवारी मी कळ दाबली. लाइन बघायला, असं मी मनाला सांगितलं. ती म्हणत होती, 'मी येते. कुणाला सांगितलं नाय. तुम्ही स्टँडवर थांबा.' एवढंच ऐकलं. मी कळ सोडून दिली. पुढचं ऐकलं नाय."

त्यांनी दोन काड्या मोडल्या.

"मला वाटलं, पोरगी पळून जाती. फसंल. बाजारात तिची आई भेटली, तिला मी बाजूला घेऊन सांगितलं. मायेनंच सांगितलं गं. आठ दिवसांत तिचं लग्न लावून दिलं. लई लांब. पार राज्याच्या सीमेपलीकडं."

"आणि तो? स्टँडवरचा?"

"तिच्या शाळेतल्या बाई होत्या. बदली होऊन शहरात आल्या होत्या. नर्सिंगचा फॉर्म भरायला तिला नेणार होत्या. शेवटची तारीख होती म्हणं. त्या बाई दोन तास स्टँडवर थांबल्या. मग त्यांनीच एक्सचेंजला फोन केला, आजची मोटार सुटली का इचारायला. फॉर्मचं त्यांनीच सांगितलं, तेव्हा मला कळलं."

मी मेथीची पानं तशीच हातात धरून बसले.

"खोटं नव्हतं मी सांगितलेलं," काकू म्हणाल्या. "शब्द न् शब्द खरा होता. नुसता अर्धा होता."

"ती पुन्हा भेटली कधी?"

"एकदा. पंचवीसेक वर्षांनी, इथंच, क्रांती चौकात. तिनंच ओळखलं. 'ताई, बऱ्या हाव का?' म्हणाली. कडेवर नातू होता. मला पेरू दिला पिशवीतला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून पदरानं उगीच पुसला. "तिला अजून बी माहीत नाय, कुणी सांगितलं ते."

बराच वेळ आम्ही दोघी मेथी निवडत राहिलो. मग मी विचारलं, "मग मी काय करू काकू?"

"सांग की त्यांना."

"अण्णांसमोर उभी राहिले की माझा आवाजच फुटत नाही."

"समोर कशाला? नंबर सांग."

त्यांनी मेथी बाजूला सारली, हात पुसले, फळीवरचा घरचा फोन घेतला. मी नंबर सांगत गेले, त्या दाबत गेल्या. पाठ आपोआप ताठ झाली. मी त्यांना आधी कधी या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, खालचा, स्वच्छ, घाई नसलेला.

"नमस्कार. संभाजीनगरहून कॉल आहे. आपली मुलगी बोलते आहे. लाइनवर राहा."

रिसीव्हर माझ्या हातात दिला. मग त्या बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं, आणि खिडकीतून मला दिसलं, की दाराबाहेरही त्या थांबल्या नाहीत. पार फाटकापर्यंत गेल्या आणि घराकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

मी बोलले. कोइमतूर, कापूस, पाच वर्षं, सगळं. मध्ये दोनदा थांबले. अण्णांचा नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी म्हणाले, "बरं. उद्या येतो." आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. धुतलेला सदरा, टोपी. मी वर तोंड धूत होते, तोवर काकूंनी त्यांना बसवून चहा दिला होता. मी जिन्याच्या वळणावर थांबले. खाली उतरायचं धाडस होईना. अण्णा आधी पावसाचं बोलले, मग इथं पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाई, एक इचारू का? तुमी रोज बघता तिला." अण्णांचा आवाज मला ओळखू आला नाही. "रडती का ती इथं?"

काकूंनी आता "हो" म्हणावं असं मला वाटत होतं. एका शब्दानं अण्णा विरघळले असते. मी रडायचे हे काकूंना माहीत होतं, खाली ऐकू जायचं.

"ती जिन्यात उभी हाय," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही. "तिलाच विचारा."

अण्णा जिना चढून वर आले. गुडघे दुखतात त्यांचे, कठड्याला धरून आले. माझ्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रडतीस का गं?"

"कधीकधी."

"आम्ही शब्द दिला म्हणून?"

मी मान डोलावली. मग लॅपटॉप उघडून त्यांना संस्थेचं निवड झाल्याचं पत्र दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "वाच." मी एक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. सगळं संपेपर्यंत ते माझ्याकडं नाही, पडद्याकडंच बघत होते, जसं काही तिथं शेत दिसत होतं. बोंडअळीचा उल्लेख आला तिथं त्यांनी मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

"शब्द मी दिलाय," ते उठताना म्हणाले. "तू नाय दिलास. त्याचं मी बघतो."

त्यांनी कसं बघितलं, त्यांना पाव्हण्यांकडून काय काय ऐकावं लागलं, ते मला नीट कधीच कळलं नाही. दादा पाच महिने माझ्याशी बोलला नाही. मग एकदा त्यानं शेंगांवर पडलेल्या ठिपक्यांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे काय आहे?' तिथून पुन्हा बोलणं सुरू झालं.

काकूंनी मला त्या दिवशी वर काय बोलणं झालं ते विचारलं नाही. त्या आठवड्यात नाही, नंतरही नाही. कोइमतूरला निघायच्या आदल्या दिवशी मीच दुपारी खाली जाऊन बसले आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. अर्ज कसा केला, कुणाला काय खोटं बोलले, अण्णा काय म्हणाले, दादा कसा गप्प झाला. त्या पूर्ण ऐकत राहिल्या. मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं संपल्यावर एकच विचारलं.

"आणि आई काय म्हणाली गं?"

आईचं मला माहीत नव्हतं. स्थळ आलं तेव्हा, शब्द गेला तेव्हा, दादा आला, अण्णा आले, त्या सगळ्यात आईला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी मोबाइल घेऊन अंगणात गेले. आईनं फोन उचलला तेव्हा तिच्या मागं कडबा कुट्टीचं मशीन जोरात चाललेलं होतं.

"आई, तुला काय वाटतं? मी जाऊ का?"

"काय?" ती ओरडली. मी पुन्हा विचारलं. थोडा वेळ नुसतं मशीनच ऐकू येत राहिलं.

"थांब," आई म्हणाली, "हे बंद करून येते." आणि मशीन बंद झालं.